नालोंगोची फाईल बाहेर काढली

सोमवार, १० जानेवारी २०२२

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आज सकाळी मोजल्या त्या क्रमाने. राहतं घर: माती माझी, साचा माझा, भट्टी माझी, चार हजार दोनशे विटा, त्यातल्या एकशे सहा तडकल्या. घराची दोन दारं. फाईलींचं कपाट, चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचं, कडीकोयंड्यासकट. सायकलचं मागचं कॅरियर. पंच्याहत्तर किलो पेलतं, त्यावर बसवून मी बाळंतिणीही नेल्या आहेत. पॅरिशचा, म्हणजे आमच्या गावगटाचा, नकाशा, दोनशे चौदा घरं, चार रंगांच्या शाया, विधवेचं घर तांबडं. मुलांच्या नोंदींचं रजिस्टर, सतरा वर्षांचं, प्रत्येक रेघ पट्टीने मारलेली. आणि माझं इंग्रजी. तेही हातांनीच केलेलं, कारण शब्दकोश मी दोनदा उतरवून काढला. एकदा अर्थ कळण्यासाठी, एकदा स्पेलिंगसाठी.

सातवीनंतर शाळेत गेलो नाही. हे मी कुणापासून लपवत नाही.

आज दोन वर्षांनी शाळा उघडल्या आणि आजच नोंदणी मंडळाचं पत्र आलं. ३१ ऑगस्टनंतर नोंदणी नसलेल्या माणसाने समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायचं नाही. नोंदणीला पदवी हवी. पदवी नसेल तर दहा वर्षांचं काम, प्रशिक्षणाचे चाळीस गुण आणि मान्य नियतकालिकात छापून आलेला एक लेख.

पत्र सब-काउंटीच्या कचेरीत अकेल्लोने वाचून दाखवलं. मला वाचता येतं, तरी दाखवलं. ही आमची नवी अधिकारी: सत्तावीस वर्षांची, उत्तरेकडची, पदवीवाली.

"काका, लेखाचं मी बघते. आपण दोघं मिळून लिहू, दोघांची नावं घालू."

"मी काका नाही. मी सहकारी आहे."

"बरं, सहकारी काका."

कारकून हसला. मी हसलो नाही. लेख एकट्याच्या नावावर असेल.


गुरुवार, १३ जानेवारी

तीन दिवस कपाट उपसलं. नियतकालिकाच्या सूचनांत लिहिलंय, 'क्षेत्रकार्यातील टिपण, तीन हजार शब्द, आजवर न नोंदलेलं काही.' मारहाण, उपासमार, पळून गेलेले बाप, हे सगळ्यांनी नोंदलेलं आहे. न नोंदलेलं माझ्याकडे एकच. फाईल सत्तेचाळीस.

पहिला परिच्छेद आजच लिहिला, परदेशी वाचकाला कळेल असा. इथे मथितार्थ उतरवतो:

'या भागात जुळ्यांच्या आईला नालोंगो म्हणतात, बापाला सालोंगो. जुळी झाल्यावर त्यांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारत नाही. मूल कुळाचं आहे की नाही हे ठरवण्याचा विधी असतो. बापाची बहीण बाळाची वाळलेली नाळ पाणी, दूध आणि केळ्यांची दारू घातलेल्या भांड्यात सोडते. नाळ तरंगली तर मूल कुळाचं. बुडली तर आई आणि मूल आल्या वाटेने परत. २०१५ साली एका नालोंगोने विधीच्या आदल्या दिवशी दोन्ही नाळांना वितळलेल्या मेणबत्तीचा लेप दिला. दोन्ही तरंगल्या.'

यापुढे मला काही सांगावं लागू नये. वाचणारा पान उलटणारच.


शुक्रवार, १४ जानेवारी

हे तिने मला कसं सांगितलं ते वहीत असावं. साल २०२०, टाळेबंदी. तिचा सालोंगो जूनमध्ये वारला. विधवेचा किबांजा, म्हणजे घर आणि केळी-कॉफीची बाग, मुलाच्या नावावर टिकावा म्हणून मी अर्ज भरत होतो. एक रकाना होता, 'मूल मयताचंच असल्याचा आधार.' बाकीचे कार्यकर्ते तिथे 'होय' लिहून मोकळे होतात. मी विचारलं, आधार कोणता? ती म्हणाली, नाळ तरंगली. मी विचारलं, कुणी पाहिली, किती वेळ तरंगली, पूर्ण की अर्धी? ती रडायला लागली. मी थांबलो. पेन बंद केलं नाही. मग तिने सांगितलं.

म्हणाली, "सेबो (म्हणजे साहेब; मला सगळे असंच म्हणतात), लग्नाआधी एकाशी बोलणं होतं माझं. मुलं कुणाची ते मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. त्यांचीच असतील. पण मला भीती वाटली म्हणून मी तसं केलं."

मी तिला म्हणालो होतो, "माझ्या फाईलीत खोटं लिहिलं जात नाही आणि माझी फाईल कपाटाबाहेर जात नाही."

ती बाहेर गेलेली नाही. मी नक्कल करतो आहे. फाईल जागेवर आहे.


गुरुवार, ३ फेब्रुवारी

संमतीपत्र. मंडळाचा नमुना इंग्रजीत आहे, म्हणून तिच्या दारात बसून मी तोंडी सांगितलं. आमच्या भाषेत छापणं आणि बाहेर काढणं याला शब्द एकच. तोच वापरला.

"नालोंगो, तुझी फाईल बाहेर काढायची आहे. तुझी हरकत नाही ना?"

ती शेंगदाणे निवडत होती. सूप खाली ठेवलं. "कपाटातून?"

"कपाटातून."

"खरं सांगता सेबो? दीड वर्ष झालं, त्या कपाटात माझा जीव अडकलाय. नणंद तुमच्या घरी चहाला आली असं ऐकलं की मी हातातलं काम टाकून दारात उभी राहते. काढा एकदाची बाहेर. नीट काढा, मागे काही ठेवू नका."

"मागे काही राहणार नाही. सगळं येईल."

तिने अंगठा दिला. शाई पुसायच्या आधी हसली आणि म्हणाली, "पोराला, काटोला, सांगते, फॉर्मवाले काका चांगले आहेत." फॉर्मवाला हे नाव तिनेच गावात पाडलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. निघताना भाजायच्या केळ्यांचा एक फणा दिला, अकरा केळी. संमती आधी झाली, केळी नंतर, हा क्रम नोंदवून ठेवतो.

इतक्या आनंदाने दिलेली संमती मी सतरा वर्षांत पाहिली नाही.


रविवार, २० फेब्रुवारी

'मेण' की 'मेणबत्ती'? मेण म्हटलं तर मधमाशीचं वाटेल. मेणबत्ती, निळी, दुकानातली. निळी हे ठेवलं. रंगामुळे खरेपणा येतो.

नियम असा की व्यक्तीचं नाव बदलावं. तिचं पाळण्यातलं नाव बदलून 'रोझ' केलं. गावाचं 'के गाव' केलं. नालोंगो हे नाव नव्हे, पदवी आहे. 'डॉक्टर' बदलतात का? ते ठेवलं. मुलाचं काटो हे नावही नव्हे. जुळ्यांतला धाकटा मुलगा तो काटोच, थोरला वास्वाच. ते ठेवलं. वास्वा पाच महिन्यांचा असताना गेला. जुळं मूल मेलं असं आमच्याकडे म्हणत नाहीत, उडून गेलं म्हणतात. इंग्रजीतही 'उडून गेला' असंच लिहिलं.

रोबिनाने पातेल्यातली केळीची पानं बदलताना विचारलं, "अहो, आपल्या पॅरिशमध्ये नालोंगो किती?"

"तीन."

"आणि वास्वा उडून गेलेल्या?"

"एक. का?"

"काही नाही. तुम्हाला आकडे आवडतात म्हणून विचारलं."

बायकोला माझ्या कामात रस वाटू लागला आहे. बरं वाटलं.


मंगळवार, ८ मार्च

महिला दिनाची सुट्टी, तरी अकेल्लो कचेरीत होती. नीतिनियमांच्या फॉर्मवर अधिकाऱ्याची सही लागते. लेख तिने माझ्यासमोर वाचला, दोनदा, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"काका, ही बाई ओळखू येते."

"नाव बदललंय."

"माझं नाव अकेल्लो का आहे माहीत आहे? माझ्याआधी आईला जुळं झालं म्हणून. आमच्याकडे कुणीही नुसतं माझं नाव ऐकतो आणि आईच्या बाळंतपणाचा हिशोब लावतो. तुमच्याकडे वेगळं आहे का? नालोंगो काढा. काटो काढा. मेणबत्ती काढा. 'एका विधवेने विधीत फेरफार केला' इतकंच लिहा."

"मग उरलं काय?"

"लेखात कमी उरेल. पण ती बाई तिच्या घरात उरेल."

"तुम्ही कॉलेजात तपशील गाळायला शिकता. मी भरायला शिकलो."

"काका, मी सही करणार नाही."

मी शांतपणे फॉर्म घडी केला. खाली बारीक अक्षरांत आहे, 'अधिकारी अथवा स्थानिक परिषदेचा अध्यक्ष.' अध्यक्षांना गाठलं. ते डुकराला सुई टोचत होते. "काय आहे?" म्हणाले. "बायकांविषयी आहे," म्हणालो. "बरं आहे, आज त्यांचाच दिवस," म्हणून त्यांनी शिक्का मारला. शिक्का तिरका बसला. परत मारायला लावला.

जानेवारीत ती म्हणाली होती, दोघांची नावं घालू. तेव्हा मी नको म्हणालो. आजच्या अडवणुकीचं मूळ तिथे आहे.


मंगळवार, १५ मार्च

शहरात जाऊन लेख पाठवला. सायबर कॅफेतल्या पोरीने दोनदा विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?" दोनदा सांगितलं.


गुरुवार, १९ मे

दोन परीक्षकांचे शेरे आले. नावं गुप्त असतात.

पहिला: 'तपशिलाची विलक्षण श्रीमंती. पदवीधर संशोधकांत हे दुर्मीळ.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मग बाहेर जाऊन सायकल पुसली आणि परत येऊन पाचव्यांदा वाचलं.

दुसरा परीक्षक कडक आहे. 'उडून गेला' म्हणजे काय, 'वारला' लिहा. आणि: 'लेखकाचं म्हणणं आहे की ही स्त्रीची जाणीवपूर्वक योजना होती. पण परिच्छेद नऊमध्ये ती म्हणते, मुलं कुणाची ते तिला ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर योजना कसली? युक्तिवाद ढिला पडतो. स्पष्ट करावे. शिवाय लेख दोनशे बारा शब्दांनी लांब आहे.'

जूनच्या दहा तारखेपर्यंत मुदत.


रविवार, २२ मे

चर्चला गेलो नाही. दिवसभर शब्द कापले.

'उडून गेला' सोडायला मी तयार नाही. तिथे तडजोड म्हणजे खोटेपणा. संपादकबाईंना तसं लिहिलं आहे, आदराने.

सायंकाळपर्यंत एकशे एक्याऐंशी शब्द गेले. एकतीस उरले. परिच्छेद नऊकडे आलो. 'मुलं कुणाची ते मला ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. त्यांचीच असतील. पण मला भीती वाटली म्हणून मी तसं केलं.' इंग्रजीत मोजलं तर पस्तीस शब्द. त्याजागी 'मुलं पतीची नव्हती' असं लिहिलं तर चार.

इथे प्रामाणिकपणे लिहितो: मला शंका आली. ती असं म्हणाली नव्हती. पण ज्याला भीती वाटते त्याला काहीतरी ठाऊक असतं, हा माझा सतरा वर्षांचा अनुभव आहे. लेप द्यायला कोण जातं? ज्याची नाळ बुडणार आहे तोच. म्हणजे तिने जे म्हटलं नाही ते तिने केलेल्या कृतीने म्हटलं. मी फक्त भाषांतर केलं.

पस्तीसातून चार गेले, एकतीस. बेरीज तंतोतंत जुळली. एकही शब्द कमी नाही की जास्त नाही. असं क्वचित होतं.


गुरुवार, ३० जून

स्वीकारला. 'उडून गेला' सुद्धा ठेवला.

रोबिनाला सांगितलं. ती भांडी घासत होती. "त्यात नालोंगोचं बरं आहे की वाईट?" तिने विचारलं.

"त्यात तिचं बरं-वाईट नाही. त्यात ज्ञान आहे."

"हं," म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं.


गुरुवार, २१ जुलै

प्रशिक्षण दिन. सब-काउंटीचं सभागृह, अडुसष्ट माणसं, सगळे पॅरिशमधले स्वयंसेवक. लेख छापून आला म्हणून या खेपेला व्याख्याता मी. ऐकणाऱ्याला तीन गुण, बोलणाऱ्याला बारा. माझे चाळीस पुरे झाले, वर एक.

लेखाच्या सत्तर प्रती काढून आणल्या होत्या. पण निम्म्या लोकांना इंग्रजी नीट येत नाही, म्हणून मी सबंध लेख आपल्या भाषेत सांगितला. उभा राहून, कागदाकडे न बघता. अकेल्लो दाराशी उभी होती. मी मेणबत्तीपर्यंत आलो तेव्हा ती बाहेर निघून गेली.

मागच्या बाकावरचे नेहमीचे कुजबुजणारेही पुढे सरकून बसले. तिसऱ्या रांगेत नान्तेझा होती, ती उत्तरेकडच्या वाडीची स्वयंसेविका आहे. सालोंगोची थोरली बहीण, म्हणजे काटोची आत्या. मला ती येणार हे ठाऊक होतं. हजेरीपट मीच आखला होता. तिला टाळून व्याख्यान देणं हे तिच्यावर अविश्वास दाखवणं झालं असतं.

शेवटी विचारलं, कुणाला प्रश्न? एकच हात वर आला, तिचा.

"सेबो, त्या रोझच्या मेणबत्तीचा रंग कोणता होता?"

"निळा."

"निळाच?"

"नोंद आहे."

ती खाली बसली. पर्स उघडली, बंद केली. "त्या दिवशी भांड्याच्या काठाला काहीतरी निळं चिकटलं होतं," ती शेजारणीला म्हणाली, हळू नाही. "सात वर्षं मी म्हणत होते, पातेल्याचा रंग गेला."

अडुसष्ट जणांत तपशिलाचा प्रश्न एका न शिकलेल्या बाईने विचारला. मी मुद्दाम तिचं अभिनंदन केलं.


रविवार, २४ जुलै

चर्चच्या अंगणात नान्तेझाने गुडघे टेकून मला नमस्कार केला. नंतर एक कोंबडी पाठवली. नालोंगो आली नव्हती.


गुरुवार, २८ जुलै

अकेल्लो सायकलवरून घरी आली. बसली नाही.

"तिच्या केळीची एक रांग तोडली काल. काटोला शाळेत पोरं 'मेणबत्ती' म्हणतात. ऐकलंत?"

"पोरं काहीही म्हणतात. मला 'फॉर्मवाला' म्हणतात."

"काका, संपादकांना लिहा. लेख मागे घ्या. माझ्या फोनवरून आत्ता पाठवू."

"एकतीस ऑगस्टच्या आत?"

तिने फोन खिशात टाकला. "तुम्हाला मी चुकीचं समजत होते," म्हणाली. "मला वाटलं होतं तुम्हाला कळत नाही."

"मला सगळं कळतं," मी म्हणालो.

ती निघून गेली. बरं झालं, एकदाचं तिच्या तोंडून आलं. रोबिनाने तिला फाटकापर्यंत सोडलं. दोघी पंधरा मिनिटं तिथे उभ्या होत्या. काय बोलल्या ते रोबिनाने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.


शनिवार, ६ ऑगस्ट

कुळाची बैठक, सालोंगोच्या अंगणात, फणसाखाली. बाकं शाळेतून आणली होती. कुळाचे वडीलधारे मधे, नान्तेझा उजवीकडे, नालोंगो खाली चटईवर. काटोला कुणीतरी बकऱ्यांमागे पाठवलं होतं. मला साक्षीला नव्हे, तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. निमंत्रणात शब्द तोच होता.

वडीलधाऱ्यांनी लेखाची प्रत पुढे केली. "सेबो, हे तुझं लिखाण?"

"शब्दन् शब्द."

"यातली रोझ म्हणजे ही समोर बसलेली का?"

"नियमाप्रमाणे मला ते सांगता येत नाही."

अंगण हसलं. एकजण म्हणाला, "नियमाप्रमाणे आम्हाला दिसतं." मी पुन्हा सांगितलं, मी गुप्तता पाळतो, कुणाचंही नाव घेणार नाही. घेतलंही नाही. हे दोनदा अधोरेखित करून ठेवतो.

"बरं. तुझी ती रोझ जी कोण असेल ती. तिने सांगितलं का, मुलं नवऱ्याची नव्हती?"

नालोंगोने मान वर केली. "सेबो, मी काय म्हणाले होते ते सांगा ना. पूर्ण सांगा."

"छापलेलं बरोबर आहे," मी म्हणालो.

"मागे काही ठेवणार नाही म्हणाला होतात तुम्ही! बाहेर काढतो म्हणालात! मला वाटलं, जाळायला काढता!"

संमतीपत्र माझ्या पिशवीत होतं, अंगठ्यासकट. कुणी मागितलं असतं तर दाखवलं असतं.

नान्तेझा उठली. "माझ्या हाताने सोडली मी ती नाळ. माझ्या हाताने. माझ्या भावाला मी सांगितलं, तुझीच आहेत, आणि तो नाचला इथे. या अंगणात." मग चटईकडे बघून म्हणाली, "बुडू द्यायची होतीस ना, निदान त्याला खरं कळलं असतं."

"तुम्हाला तरी खरं कुठे कळलंय, ताई?" नालोंगो म्हणाली. "मला तरी कुठे?"

कुणी ऐकलं नाही. निर्णय: उद्याचा रविवार संपायच्या आत किबांजा सोडायचा. कुळाचं नाव मुलाकडून काढून घेतलं. काटो राहू दिलं, कारण ते कुळाचं नाही. सालोंगोच्या कबरीपाशी तिने जायचं नाही, मुलानेही नाही. वास्वाला कबर नसते, त्याविषयी प्रश्न निघाला नाही.

बैठक दोन तास पाच मिनिटं चालली. जेवण दिलं होतं, मटोके, म्हणजे वाफवलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचा रस्सा. मी जेवलो, कारण न जेवणं अपमान झाला असता.


बुधवार, १० ऑगस्ट

रश्श्यात तिसऱ्या दिवशीही मीठ नाही. रोबिनाला सांगितलं. "विसरले," म्हणाली. ती विसरणारी बाई नाही.

नालोंगो रविवारी सकाळीच गेली असं कळलं. एक गादी, एक पातेलं, मुलगा. माहेर तिला उरलेलं नाही, म्हणून बहुधा शहराच्या बाजूला. मी नकाशावर तिचं घर तांबड्याचं पांढरं केलं; विधवेचं घर म्हणून आता ते मोजता येणार नाही. खाडाखोड दिसू नये म्हणून ब्लेडने खरवडून वर खडू घासला.


मंगळवार, १६ ऑगस्ट

संपादकबाईंचं पत्र. अंकातला सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख. केनियातल्या एका प्राध्यापकाने विचारलंय की पुढे 'रोझ'चं काय झालं, त्यावर पाठपुराव्याचं टिपण लिहाल का?

लिहीन. त्यासाठी तिचा पत्ता लागेल.


शुक्रवार, १९ ऑगस्ट

नोंदणीचा अर्ज भरला. तेवीस प्रश्न, काळ्या शाईत. चौदावा प्रश्न थोडा अवघड: 'व्यावसायिक सचोटीचं एक उदाहरण द्या. तुम्ही नाकारलेला एखादा गैरवाजवी प्रस्ताव, तारीख, स्वरूप व रक्कम यांसह.'

सतरा वर्षांत मला कुणी लाच देऊ केली नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. देण्यासारखं कुणाकडे नव्हतं आणि माझ्याकडे घेण्यासारखं काही नव्हतं. पण या वर्षी एक प्रसंग घडला. तो त्या दिवशी वहीत लिहिला नाही, कारण अजून कुळाची बैठक व्हायची होती आणि तज्ज्ञाने आधी मत बनवू नये. आता उत्तराचा कच्चा खर्डा इथे करतो, मग अर्जावर उतरवतो.

तारीख: ५ ऑगस्ट २०२२, शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. स्थळ: माझं घर, पुढचं दार. व्यक्ती: नाव देता येत नाही.

स्वरूप: सदर व्यक्ती पायी आली, बसायला सांगितलं तरी बसली नाही, गुडघ्यांवर राहिली. तिची मागणी अशी की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी तिच्या तोंडचं एक वाक्य सांगावं, ज्यात तिला ठाऊक नाही असं ती म्हणाली होती. खोटं सांगा असं ती म्हणाली नाही, हे न्यायाने नोंदवतो. "मी म्हणाले होते तेवढंच म्हणा, सेबो. तुमच्याच पेनाने लिहिलं होतंत," इतकंच ती म्हणत राहिली. सदर वाक्य छापील मजकुरात नसल्यामुळे मला ते सांगता येणार नव्हतं. तसं मी तिला समजावलं. तिने पदराची गाठ सोडून पैसे उंबऱ्यावर ठेवले, सगळं एवढंच आहे म्हणाली. मी मोजून, तिच्या देखत, पुन्हा तिच्या हातात दिले.

रक्कम: एक लाख ब्याऐंशी हजार पाचशे शिलिंग.